पाण्यात चालायचं कूपन कुठं मिळतं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रस्त्यावरचे गड्डे आणि त्यात पडलेले लोक यावर तुमच्याकडे रोजच पत्रं येत असतील म्हणून मी कशी पडले ते दोन ओळीत उरकते, खरा विषय वेगळा आहे, पाय मोडलेल्या माणसाला स्विमिंग पूलमधे नुसतं चालू देत नाहीत हा. यंदा तान्हा पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल भागाकडचे मेन रोड बंद होते, मी शहाणपणा करून आतल्या गल्लीतून ॲक्टिवा काढली आणि जिथं सिमेंट रोड संपून गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात तिथं मधे जी चार बोटांची पायरी सोडलेली असते त्यावरून पुढचं चाक सरकलं. गाडी आडवी, गाडीखाली उजवा पाय. पलीकडच्या रस्त्यावर लोक ओरडत होते, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, आणि माझी पीडा मात्र ऑटोत बसून दवाखान्यात चालली होती.

घोट्याचं बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं होतं. जागचं हललं नव्हतं म्हणून ऑपरेशन वाचलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकानं काही ना काही सांगितलं. डिंकाचे लाडू खा, हाडजोडीची वेल आणून देतो, अमक्या गावच्या पैलवानाकडून चोळून घ्या (प्लास्टरवरून कसं चोळणार हे कोणी सांगितलं नाही), शेजारच्या आजींनी तर रोज अळिवाची खीर पाठवली आणि खरं सांगते त्या खिरीनं माझं वजन दोन किलो वाढलं. पाण्याचं नाव मात्र कोणीच घेतलं नाही. घेतलं ते एवढंच की पाण्यापासून जपा, प्लास्टर भिजू देऊ नका. ते बरोबरच होतं म्हणा. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका पोराचं मनगट मोडलं होतं, त्याला फायबरचं प्लास्टर होतं, त्याला वाटलं फायबर म्हणजे वॉटरप्रूफ, प्लास्टिकची पिशवी बांधून मित्रांबरोबर पोहायला गेला. आता फायबरचं वरचं कवच भिजत नाही हे खरं, पण आत कापूस असतो ना, तो भिजला की वाळतच नाही, चार दिवसांनी वास यायला लागला, खाज सुटली, शेवटी कापून नवीन घालावं लागलं, आतली कातडी पांढरीफटक. आत भिजलं तरी चालणारं वेगळं अस्तर मिळतं म्हणतात पण ते आधीच डॉक्टरला सांगून लावून घ्यावं लागतं, पिशवी बांधून काही होत नाही.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी माझं प्लास्टर कापलं. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले छान जुळून राहिलं, आता हळूहळू वजन द्यायला लागा. मी पायाकडे बघितलं आणि मला रडूच आलं. पोटरी कुठं गेली होती कोण जाणे. टेपनं मोजली तर डाव्यापेक्षा अडीच सेंटीमीटर बारीक, घोटा तर लाकडाचा, वरही होत नाही खालीही होत नाही, संध्याकाळी सुजून टम्म. हाड जुळलं म्हणजे पाय चालायला लागतो असं आपल्याला वाटत असतं, तसं काही नसतं बाप्पा. हाडाला सहा-आठ आठवडे लागतात, पण तेवढ्यात बसून बसून स्नायू वितळतात आणि सांधा आखडतो, ते परत आणायला त्याच्या दुप्पट वेळ.

फिजिओ मॅडम माझ्या पोरीएवढ्या. त्यांनी पहिल्या दिवशी वजनकाटा आणला, न्हाणीघरात असतो तसला, म्हणाल्या काकू यावर उजवा पाय ठेवा आणि वीस किलोपर्यंतच दाबा, त्याच्यावर काटा जाऊ द्यायचा नाही. बसून जमलं. वॉकर धरून चालताना मात्र मला कसं कळणार की आत्ता वीस पडून राहिले की चाळीस? एक तर मी घाबरून पाय टेकवायचेच नाही, किंवा एकदम पूर्ण टेकवून आई गं म्हणायचे. आठवडाभर असंच चाललं तेव्हा त्या म्हणाल्या काकू तुम्ही पाण्यात का नाही चालत? मी म्हटलं मला पोहता येत नाही. त्या म्हणाल्या पोहायचं कोणी सांगितलं, चालायचं.

आता ही गोष्ट मला इतकी पटली की मी ती दहा जणांना सांगितली आणि आता तुमच्या वाचकांनाही सांगते. पाण्यात माणूस हलका होतो हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, पण किती हलका त्याचा हिशोब आहे. मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं तर पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्साच येतो, छातीपर्यंत असेल तर तिसरा हिस्सा, आणि कमरेपर्यंत असेल तर अर्धं. माझं वजन अडुसष्ट किलो (खिरीसकट). म्हणजे मानेपर्यंत सात किलो, छातीपर्यंत बावीसेक, कमरेला चौतीस. म्हणजे जो काटा मला जमिनीवर सांभाळता येत नव्हता तो पाणी स्वतःच सांभाळतं, मी किती खोल उभी राहते त्यावर माझ्या पायावरचं वजन ठरतं, मला काही विचारच करावा लागत नाही. आणि पाण्यात तोल गेला तरी धाडकन आपटत नाही ना, त्यामुळे भीती जाते. माझी तरी गेली.

दुसरं म्हणजे सूज. पाणी सगळीकडून दाबतं आणि जितकं खोल तितका दाब जास्त. चार फूट पाण्यात खाली घोट्यापाशी पाऱ्याचा जवळजवळ ९० मिलिमीटर इतका दाब असतो. ते सुजेसाठी घट्ट मोजे विकत मिळतात ना त्यांचा असतो वीस ते तीस. म्हणजे क्रेप बँडेज गुंडाळत बसण्यापेक्षा अर्धा तास पाण्यात उभं राहिलेलं काय वाईट, आणि वर सांधा हलत असतो तो वेगळाच फायदा. पहिल्या दिवशी मी फक्त दहा मिनिटं चालले आणि बाहेर आले तर घोट्याचा तो टेंगळासारखा गोळा आहे ना तो मला दोन महिन्यांनी पहिल्यांदा दिसला. आमच्या ह्यांनी फोटो काढून पोरीला पाठवला.

पण संपादक साहेब, त्या पहिल्या दिवसापर्यंत पोचायला मला तीन आठवडे लागले, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

पहिल्या पूलवर गेलो (नाव लिहीत नाही, उगाच कोणाच्या नोकरीवर नको) तर खिडकीतल्या माणसानं विचारलं स्विमिंग येते का. नाही. मग बिगिनर बॅच, सकाळी सहा, सोबत टेस्ट. मी सगळं सांगितलं, डॉक्टरची चिठ्ठी दाखवली, फिजिओची चिठ्ठी दाखवली, म्हटलं दादा मला कडेकडेनं फक्त चालायचं आहे. तो म्हणाला मॅडम इथं पोहणाऱ्यांनाच अलाऊड आहे, चालायचं तर गार्डनमधे जा ना. त्याचीही चूक नाही, त्याच्याकडे दोनच प्रकारची कूपनं होती, शिकणाऱ्यांचं आणि पोहणाऱ्यांचं. मी तिथं कुबडी घेऊन उभी आणि मागे लाइनीत सहावी-सातवीतले पोट्टे चुळबुळ करून राहिले, आजी काय करून राहिली म्हणून.

दुसऱ्या ठिकाणी आत घेतलं पण पाण्यात उतरायला फक्त ती स्टीलची शिडी. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना ती शिडी काय असते ते कळणार नाही. उभीच्या उभी, गोल गुळगुळीत पाइप, त्यावर अर्धं पाऊल मावतं, आणि ज्याचा घोटा वाकत नाही त्यानं खालच्या पाइपवर पाय ठेवायचा म्हणजे सगळं वजन नेमकं त्याच मोडलेल्या जागी. फिजिओ मॅडमनी नियम शिकवला होता, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, तो जिन्यासाठी एकदम बरोबर आहे पण शिडीवर उपयोग नाही. उतरले मी कशीबशी, काठावर बसून, पोटावर वळून, हातांवर लोंबकळत. बाहेर येताना मात्र जे झालं ते आमच्या ह्यांनी सुद्धा शूट केलं नाही इतकं वाईट होतं. म्हैस तलावातून निघते तेव्हा तिला तरी उतार असतो.

आणि काठावरच्या फरश्या! माझ्या मते पाण्यापेक्षा शंभरपट धोका त्या ओल्या फरश्यांचा आहे. कुबडीचं रबर गुळगुळीत झालं असेल तर ती बर्फावर ठेवल्यासारखी सरकते. एक हाड जुळवायला जायचं आणि दुसरं मोडून यायचं. मी शेवटी रबर बदलून घेतले आणि ह्यांचा हात धरूनच जायचे, पण ह्यांना लेडीज बॅचला आत येऊ देत नाहीत, आणि जेन्टस बॅचला मी जाऊ शकत नाही, झालं. कपड्यांचं तर विचारूच नका, सत्तावन्नाव्या वर्षी कॉश्च्यूम घ्यायला सीताबर्डीवर गेले तेव्हा दुकानातली पोरगी म्हणाली नातीसाठी का. शेवटी पूर्ण बाह्यांचा, खाली लेगिंग असलेला नायलॉनचा मिळाला, त्यात काही लाजण्यासारखं नाही, बायांनी कपड्यासाठी थांबू नये.

तिसऱ्या ठिकाणी एक कोच भेटले, साठीच्या आसपासचे, ते म्हणाले ताई सकाळ-संध्याकाळ बॅचेस असतात, दुपारी साडेबाराला या, कोणी नसतं, तुमचे मिस्टर पण काठावर बसू देत. त्यांच्याकडे पूलला सिमेंटच्या रुंद पायऱ्या आणि बाजूला पाइप आहे. तेवढंच. त्या पाच पायऱ्या आणि एक पाइप, यावर माझा पाय उभा राहिला असं म्हटलं तरी चालेल. दिवाळी झाली होती, आपल्याकडे मग सकाळी पाण्यात हात घालवत नाही पण दुपारी ऊन चांगलं तापतं, वरचं पाणी तरी सहन होतं. दवाखान्यातल्या थेरपीच्या टाकीत पाणी तेहतीस-पस्तीस डिग्री ठेवतात म्हणे, स्नायू सैल होतात त्यानं, पण मी तेवढं मागतच नाहीये.

काय काय करायचे ते सांगते कारण खूप जण विचारतात. आधी मोठ्या पूलमधे चार फुटाला, माझ्या काखेपर्यंत पाणी, काठ धरून सरळ चालायचं, मग आडवं खेकड्यासारखं, मग उलटं. टाच आधी, मग पंजा, आरामात, कारण आपण लंगडत लंगडत पाय वाकडा टाकायची सवय लावून घेतलेली असते ती पाण्यात सुटते. मग काठ धरून टाचा उचलणं, पहिल्यांदा दोन्ही, दोन आठवड्यांनी एकाच पायावर. एका पायावर उभं राहणं, पाणी हलत असतं त्यामुळे जमिनीपेक्षा मजा येते. मग काठावर बसून पाय पाण्यात सोडून घोट्यानं मुळाक्षरं काढायची, क ख ग घ, मी ज्ञ पर्यंत जायचे. ज्यांना पोहता येतं त्यांच्यासाठी तर बरंच आहे, पाय मोडलेला असेल तर मांड्यांमधे फोमचा ठोकळा धरून नुसत्या हातांनी पोहतात, हात मोडलेला असेल तर (प्लास्टर निघाल्यावर) फळी धरून नुसत्या पायांनी, आणि पळणारी पोरं कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात पळतात, तळाला पाय लागतच नाही, दम मात्र पूर्ण लागतो. माझ्या घोट्यासाठी बेडकासारखा पाय मारणं बंद होतं, त्यात पाऊल पिळलं जातं.

चार फुटाचं साडेतीन केलं, मग शेवटी पोट्ट्यांच्या अडीच फुटात. अडीच फुटात मी उभी म्हणजे कमरेच्याही खाली पाणी, तिथं शिकवणीला आलेली एक चार वर्षाची चिंगळी मला म्हणाली आजी घाबरू नको, तोंड बुडव. मी बुडवलं. हे कमी कमी खोल का करत जायचं तेही मॅडमनी सांगितलं होतं, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. पाण्यात इतकं बरं वाटतं की बाहेर यावंसंच वाटत नाही, पण हाडाला वजन हवं असतं. जर्मनीतल्या वोल्फ नावाच्या सर्जननं १८९२ मधेच लिहून ठेवलंय की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं, भार नाही तर हाड झिजतं. अंतराळात महिनोन् महिने राहणाऱ्यांचं खुब्याचं हाड दर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं म्हणे, आणि ते धडधाकट लोक. म्हणजे पाणी हा वॉकर आणि रस्ता यांच्या मधला पूल आहे (हा पूल मराठीतला), पलीकडे उतरायचंच. डिसेंबर लागेपर्यंत मी पाण्यात आठवड्यातून तीन दिवस आणि बाकी दिवस घराभोवती, असं करत होते.

आणि कोणी हे वाचून उद्याच पाण्यात उडी मारू नका. ऑपरेशन झालं असेल तर टाके निघाले एवढ्यावर जायचं नाही, जखम पूर्ण बंद, कोरडी आणि खपली गेलेली पाहिजे, सर्जनला विचारून. बाहेरून सळया लावलेल्या असतील तर अजिबात नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, गरम लागली तर पाणीबिणी सोडून आधी डॉक्टर, रक्ताची गुठळी असू शकते. आणि अंबाझरी, फुटाळा असल्या तलावांत तर नाहीच, तळ दिसत नाही, शेवाळ, शिवाय धरायला काही नाही.

मला लोक मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मग पोहायला लागले आणि १९७२ ला हायडलबर्गला पन्नास मीटरमधे सोनं आणलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. आपल्या नागपुरात नोकरी करणाऱ्या कांचनमाला पांडेंनी २०१७ मधे मेक्सिकोत जागतिक पॅरा स्पर्धेत सोनं जिंकलं. त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण दर वेळी पाणी म्हटलं की आपल्याला मेडलच आठवतं, मला मेडल नको आहे, मला धरमपेठेत भाजी घ्यायला जाऊन पिशवी धरून परत यायचं आहे. शहरातले सगळे पूल शिकणाऱ्यांच्या आणि स्पर्धेच्या हिशोबानं चालतात, आणि ज्यांना त्या पाण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, गुडघे बदललेले, खुब्याचं ऑपरेशन झालेले, माझ्यासारखे पडलेले, ते गेटवरच्या खिडकीपाशी संपतात.

माझं मागणं फार मोठं नाही. ज्या पूलवर सार्वजनिक पैसा लागलाय तिथं दुपारी बारा ते दोन हा वेळ, जेव्हा तसाही पूल रिकामा असतो, चालणाऱ्यांसाठी ठेवा. डॉक्टरची चिठ्ठी बघून आत घ्या, पोहण्याची टेस्ट मागू नका, जीवरक्षक मात्र हजर पाहिजे. सोबतच्या एका माणसाला काठापर्यंत येऊ द्या, बाई असो की माणूस. शिडीच्या बाजूला रुंद पायऱ्या आणि दोन्हीकडे धरायला पाइप, आणि शॉवरपासून पाण्यापर्यंत खरखरीत रबराची पट्टी. दिव्यांगांच्या हक्काचा कायदा २०१६ चा आहे, सार्वजनिक जागा त्यांना वापरता याव्या असं त्यात स्पष्ट आहे, म्हणजे ह्या पायऱ्या खरं तर आधीच असायला पाहिजे होत्या. आमच्यासारखे दोन-चार महिन्यांचे लंगडे त्यांच्याच पाइपला धरून उतरतील. आणि डॉक्टर लोकांनाही विनंती, प्लास्टर कापताना कागदावर पाण्यापासून जपा लिहिलेलं असतं ते खोडा आणि केव्हापासून पाण्यात जायचं ते लिहा.

परवा शुक्रवारी मी निघत होते तर गेटवर सत्तरीचे एक काका वॉकर घेऊन उभे, सोबत सून. चौकीदाराला विचारून राहिले, इथं पाण्यात चालू देतात का हो. चौकीदारानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांना दिवस सांगितले, सोमवार बुधवार शुक्रवार, साडेबारा, कोच साहेबांना आधी भेटा, वॉकरचं रबर बघून घ्या, आणि हो, कूपन मात्र पोहण्याचंच घ्यावं लागेल, चालण्याचं अजून छापलेलं नाही.

आपली,
एक वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर